पुस्तकासाठीही आधी पाट नेऊन द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरात महिन्या-दोन महिन्यांनी एक तरी पत्र असतंच की हल्लीची मुलं मराठी वाचत नाहीत, मोबाईल सोडत नाहीत, इंग्लिश मीडियमने वाट लावली वगैरे. मी ती सगळी वाचते आणि दरवेळी वाटतं आपण पण लिहावं, पण मुलं वाचतात की नाही यावर नाही, मुलांची पुस्तकं छापणाऱ्यांचं काय होतं यावर. मोठ्या प्रकाशकांबद्दल नाही म्हणत मी, त्यांचं त्यांना माहीत. आमच्यासारखे जे घरातच पुस्तक करतात, एक जण लिहितो, एक जण चित्रं काढतो आणि बाकीचे जमिनीवर बसून पाकिटांना टेप लावतात, त्यांच्याबद्दल.

आम्ही चिपळूणचे. मी लिहिते, नवरा शाळेत ड्रॉइंग शिकवतो तो चित्रं काढतो, सासरे म्हणजे आमचे आण्णा शुद्धलेखन तपासतात (आणि न विचारता वाक्यं पण बदलतात), मुलगी आता सातवीत आहे. पहिलं पुस्तक तिच्यामुळेच झालं, २०१९ साली. वाशिष्ठी नदीत मगरी आहेत हे इथल्या सगळ्यांना माहीत आहे, तर त्यातल्या एका पिल्लाची गोष्ट तिला रोज जेवताना सांगून सांगून पक्की झाली होती, ती नवऱ्याने रंगवली आणि आम्हाला वाटलं छापूया.

आता छापूया म्हटल्यावर पहिला प्रश्न किती. प्रेसवाल्याने रेट दिला, बत्तीस पानं, आर्ट पेपर, चार रंग, ३०० प्रती काढल्या तर एक प्रत ९५ रुपयाला पडते आणि १००० काढल्या तर ४८ ला. त्यात त्याची काही लबाडी नव्हती, चार रंगांच्या प्लेटा काढायच्या, मशीन लावायचं, रंग जुळेपर्यंत कागद फुकट घालवायचा, हा खर्च ३०० छापा नाहीतर १००० छापा तेवढाच येतो, मग जास्त छापलं की तो वाटला जातो. पण आपल्यासारख्या माणसाच्या डोक्यात काय येतं, अरे निम्म्या भावात मिळतंय की! माझा भिशीचा नंबर लागला होता ४० हजाराचा, वर आठ हजार नवऱ्याने घातले आणि आम्ही १००० प्रती काढल्या.

त्याआधी महिनाभर मी भेटेल त्याला सांगत होते पुस्तक येतंय म्हणून, आणि प्रत्येकाने एकच सांगितलं, "छापलं की सांगा हां, घेतोच." हा "घेतोच" मराठी पुस्तकाच्या धंद्यातला सगळ्यात महाग शब्द आहे. त्यावर विश्वास ठेवून माणूस कर्ज काढतो. आणि म्हणणारे खोटं बोलत नसतात हो, त्यांना खरंच घ्यायचं असतं, फक्त पुस्तक आल्यावर तो दिवस कधी येत नाही. दोन वर्षात आमच्या २३० प्रती विकल्या गेल्या. दीडशेच्या आसपास भेट गेल्या, कारण आपल्याकडे लेखक ओळखीचा असला की पुस्तक विकत घ्यायचं नसतं, "सही करून एक पाठव की" म्हणायचं असतं. एका वितरकाकडे गेलो तर ५० टक्के कमिशन आणि पैसे विक्री झाल्यावर, म्हणजे कधी ते देव जाणे. उरल्या ६२०. पन्नास-पन्नासचे गठ्ठे, खालच्या खोलीत कॉटखाली आणि भिंतीला लावून.

पुढचं चिपळूणच्या माणसाला सांगायला नको. २२ जुलै २०२१. पाणी पहाटेच घरात शिरलं, आम्ही आण्णांना आणि मुलीला घेऊन वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे गेलो, कागदपत्रं घेतली, गॅस घेतला, पुस्तकं कुणाच्या डोक्यात पण आली नाहीत. दोन दिवसांनी खाली आलो तर चिखलात गठ्ठे तसेच होते. तुम्हाला माहीत आहे का माहीत नाही, आर्ट पेपर एकदा भिजला की त्याच्यावरचा गुळगुळीत थर सुटतो आणि पानं एकमेकांना चिकटतात, वाळवून उपयोग नसतो. साधा कागद निदान उन्हात टाकून वाचवता येतो. गठ्ठा उचलला तर चिऱ्यासारखा जड, आणि पान सोडवायला गेलं की मगरीचं तोंड एका पानावर आणि शेपूट दुसऱ्या पानावर. गावात माणसं गेली होती, दुकानंच्या दुकानं गेली होती, आमच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची पुस्तकं २००५ ला भिजली होती ती परत भिजली, त्यात आमच्या ६२० प्रतींचं दुःख कुणाला सांगणार, लाजच वाटायची. नगरपालिकेच्या ट्रकात गाळाबरोबर गेल्या.

मी ठरवलं होतं परत नाही. पण नवरा चित्रं काढत राहिला आणि एक दुसरी गोष्ट तयार झाली, ती तीन वर्षं नुसती फाईलमध्ये पडून होती. ती बाहेर काढली आण्णांनी. झालं काय, एका वर्षी नेहमीसारखं ते पाट घेऊन गणपतीच्या शाळेत निघाले. मुंबई-पुण्याच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे मूर्ती बनते त्या कारखान्याला गणपतीची शाळा म्हणतात आणि तिथे आपल्या घरचा पाट महिना-दोन महिने आधी नेऊन द्यायचा असतो. पाटाच्या मागे नाव लिहायचं, केवढा गणपती पाहिजे, बसलेला की कसा ते सांगायचं, थोडे पैसे ठेवायचे. तर आण्णा परत आले आणि मला म्हणाले, "तुझं चुकलं काय माहित्येय का, तो बघ कसा हुशार, पाट किती आले ते मोजतो आणि मग माती मळायला घेतो. तू आधी हजार गणपती केलेस आणि मग पाट शोधत गावभर फिरलीस."

एवढं सोपं होतं. आणि मला वाटत होतं प्रीऑर्डर, म्हणजे वस्तू तयार व्हायच्या आधी नोंदणी, म्हणजे काहीतरी मोबाईल कंपनीवाल्यांची भानगड असते.

खरं तर मराठीत हे काही नवीन नाहीये. प्रकाशनपूर्व सवलत हा शब्द आपण पेपरातच वाचलाय, मोठे खंड निघायचे तेव्हा त्याची पाकिटाएवढी जाहिरात यायची. त्याच्याही आधी, जुन्या पुस्तकांत शेवटी आश्रयदात्यांची यादी छापलेली असायची, गावाचं नाव, माणसाचं नाव, किती प्रती. डॉ. केतकरांनी ज्ञानकोश काढला तो कंपनी काढून, तिचे शेअर खपवून आणि ग्राहक गोळा करत फिरून. मुलांचं म्हणाल तर वा. गो. आपट्यांनी १९०६ साली 'आनंद' मासिक सुरू केलं, आता मासिक म्हटलं की वर्गणी आलीच, म्हणजे वर्षाचे पैसे आधी आणि अंक नंतर. आपले आजोबा-पणजोबा न बघितलेल्या अंकाचे पैसे मनीऑर्डरने पाठवत होते, आणि आपण फोनवर दोन बोटं लावायची तर "आधी छापून येऊ दे".

बरं आधी पैसे द्यायची सवय नाही असं पण नाही. आमच्या ओळखीच्या बागायतदाराकडे मुंबईचे लोक हापूसच्या पेट्या मोहोर धड स्थिरावला नसताना बुक करतात. पाऊस आला, थ्रिप्सची कीड पडली, काय होईल सांगता येत नाही तरी करतात, कारण नाहीतर आपल्याला चांगला माल मिळणार नाही हे माहीत असतं. पुस्तकाचं असं कुणाला वाटत नाही की आपण आत्ता नाही घेतलं तर ते निघणारच नाही. पण ते तसंच असतं.

तर आम्ही काय केलं ते सांगते. पुस्तक पूर्ण तयार केलं, शेवटच्या चित्रापर्यंत, अर्धवट असताना पैसे मागायचे नाहीत हे पहिलं ठरवलं. मग गणपतीच्या आधी आठ दिवस एक गूगल फॉर्म केला आणि दोन पानांचे फोटो टाकून सगळीकडे पाठवला. छापील किंमत २२०, आधी नोंदवलं तर १८०, पोस्टाने हवं तर ३० वेगळे. २०२५ च्या २७ ऑगस्टला गणपती आले आणि चाकरमानी घरोघरी आले ते आमच्या फार पथ्यावर पडलं, दर्शनाला आलेल्या माणसाला मोदकाबरोबर नवरा चित्रांची फाईल पण दाखवायचा. फॉर्म न जमणाऱ्यांसाठी मी एक वही केली होती. त्या वहीत पहिलं नाव आमच्याकडे मासळी घेऊन येणाऱ्या मावशींचं आहे, नातवासाठी, १८० रुपये रोख, सगळ्या नोटा दहाच्या आणि वीसच्या आणि थोड्या ओल्या. त्या म्हणाल्या, "बाय, पण मगर आसंल ना त्यात?" मी म्हटलं यावेळी मगर नाही, खेकडा आहे. थोड्या नाराज झाल्या पण पैसे परत मागितले नाहीत.

चोवीस दिवसांत २१४ प्रती नोंदल्या गेल्या. लक्षात घ्या, पहिल्या वेळी दोन वर्षात २३०. माणसं तीच, गाव तेच, लिहिणारी पण मीच. फरक एवढाच की यावेळी "घेतोच" म्हणणाऱ्याला मी लगेच फॉर्म पाठवत होते. आणि नातेवाईकांचा भेट-प्रतीचा प्रश्न पण आपोआप सुटला, कारण छापलेलं पुस्तक फुकट मागणं सोपं असतं, न छापलेलं कसं मागणार. माझ्या मामांनी सुद्धा फॉर्म भरला आणि पैसे पाठवून मग फोन केला की पोचले का बघ.

२१४ गुणिले १८० म्हणजे ३८ हजार ५२०. प्रेसला ४०० प्रती सांगितल्या, ८२ रुपये रेट, ३२ हजार ८००, वर जीएसटी. (पुस्तकावर जीएसटी नाही म्हणून लोकांना वाटतं आम्हाला सगळं माफ आहे, पण छपाईच्या बिलावर लागतो आणि पुस्तकावर नसल्यामुळे तो कुठे वळता करून घेता येत नाही, तो आपल्याच खिशातून जातो.) म्हणजे मशीन चालू व्हायच्या आधी छपाईचे पैसे हातात होते. भिशी नाही, सोनं नाही, आण्णांची एफडी नाही. प्रेसवाल्याला अर्धे पैसे आधी दिले तर तो पण नीट बोलायला लागला, हे वेगळंच.

पण पैशापेक्षा मला जास्त उपयोग झाला तो एका भलत्याच गोष्टीचा. फॉर्ममध्ये मी सहज विचारलं होतं की मुलाचं नाव आणि वय काय, नाव एवढ्यासाठी की मुलगी पहिल्या पानावर सुंदर अक्षरात लिहून देणार होती. आम्ही धरून चाललो होतो की पुस्तक आठ-नऊ वर्षांच्या मुलांसाठी आहे. वयं बघितली तर निम्म्याहून जास्त चार, पाच, सहा! म्हणजे आई-बाबा वाचून दाखवणार किंवा पोरगं नुकतं जोडाक्षरं लावायला लागलेलं. आम्ही प्रेसला जायच्या आधी अक्षर १४ पॉइंटचं १८ केलं, चार पानांवरचा मजकूर निम्मा केला, "निस्तब्ध" वगैरे शब्द काढून टाकले (आण्णा दोन दिवस बोलत नव्हते). हजार प्रती आधी छापून बसलो असतो तर हे कळलं असतं कधी, तर पुस्तक न विकलं गेल्यावर. वाचणारा कोण आहे हे छापायच्या आधी कळणं ही चैन मोठ्या प्रकाशकांना पण मिळत नसेल.

आता सगळं गोड गोड झालं असं नाही. दुसऱ्याचे पैसे घेतले की झोप कमी होते. प्रूफ आलं त्यात खेकड्याचा लाल रंग विटकरी दिसत होता, स्क्रीनवर जो भडक लाल दिसतो तो छपाईच्या चार शाईंत तसाच उतरत नाही हे नवऱ्याला माहीत होतं तरी एवढा फरक पडेल असं वाटलं नव्हतं, परत फाईल दुरुस्त केली, परत प्रूफ, त्यात प्रेसवाल्याकडे दिवाळीची गर्दी, पंधरा दिवस उशीर झाला. मी सगळ्यांना मेसेज केला की असं असं झालंय, कुणाला पैसे परत हवे असतील तर सांगा. दोघांनी मागितले, त्याच दिवशी पाठवले. एक जण म्हणाले, "आम्हाला वाटलं पैसे घेऊन पळालात की काय," हसतच म्हणाले पण लागतं ना. म्हणून मी हे पैसे वेगळ्या खात्यात ठेवले होते आणि छपाई-पोस्ट सोडून एक रुपया काढला नाही, आणि जे कुणी असं करणार असतील त्यांनी एवढं तरी पाळावं. कुणी तरी पैसे घेऊन पुस्तक दिलं नाही तर त्याचं नाव खराब होईलच, पण पुढच्या दहा जणांना फॉर्म पाठवायला तोंड राहणार नाही.

यूपीआयची गंमत वेगळी. पैसे येतात, नाव येतं, पत्ता येत नाही. एका बाईंचे ३६० आले, मेसेजमध्ये फक्त "बुक". तीन दिवस शोधल्यावर कळलं की त्या नवऱ्याच्या शाळेतल्या शिपाईदादांच्या मेहुणीच्या सासूबाई, कराडच्या.

पोस्टाचं पण सांगितलं पाहिजे कारण घरगुती पुस्तकाचं गणित पोस्टावर उभं असतं किंवा पडतं. पुस्तकांसाठीची जुनी स्वस्त बुकपोस्टाची रजिस्टर सेवा १८ डिसेंबर २०२४ ला बंद झाली तेव्हा आम्ही फाईल परत कपाटात ठेवणार होतो, कारण कुरिअरवाला एका पाकिटाला जे मागतो त्यात अर्धं पुस्तक येतं. मग १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट सुरू झालं, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि कर, ५ किलोपर्यंत १००, ट्रॅकिंग पण आहे, जरा सावकाश जातं एवढंच. पुस्तकावर प्रकाशकाचं किंवा मुद्रकाचं नाव असावं लागतं, ते आमच्याकडे होतं. आमचं एक पुस्तक १२० ग्रॅम भरतं, पुठ्ठा-पाकीट धरून दोन प्रती ३०० च्या आत बसतात हे आम्ही किचनमधल्या वजनकाट्यावर बघितलं आणि सगळ्यांना सांगितलं की शेजारणीला पण घ्या, पोस्ट तेवढंच लागेल. त्यावर बऱ्याच जणांनी एकाच्या दोन केल्या. अमेरिकेतल्यांचं मात्र पोस्टाने जमण्यासारखं नव्हतं, पुस्तकापेक्षा पाठवणं महाग, मग न्यू जर्सीच्या आमच्या एका नणंदेने तिथल्या २२ ऑर्डर एकत्र केल्या आणि दिवाळीला आली तेव्हा बॅगेतून घेऊन गेली, लोणच्याची बरणी इथेच ठेवून. ती बरणी अजून आमच्याकडे आहे.

आणखी एक, आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाच्या ओळखीचा जो नंबर मागे छापतात, त्याच्यासाठी पहिल्या वेळी एका एजंटने आमच्याकडून पैसे घेतले होते. हा नंबर दिल्लीच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून फुकट मिळतो, स्वतः पुस्तक काढणाऱ्यालाही मिळतो, फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो. कुणाला पैसे देऊ नका. आणि १९५४ च्या कायद्याने पुस्तक निघाल्यावर तीस दिवसांत कोलकात्याच्या नॅशनल लायब्ररीला आणि चेन्नई, मुंबई, दिल्लीच्या ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. मोठ्यांना चार प्रती काहीच नाहीत, आम्ही त्या ४०० मधून मोजून बाजूला काढल्या. पण खरं सांगू, आमचा खेकडा कोलकात्याला जाऊन बसलाय याचा आण्णांना भयंकर अभिमान आहे, प्रत्येकाला सांगतात.

४०० पैकी आता घरात ५० च्या आसपास आहेत. त्या वर माळ्यावर ठेवल्यात, प्लास्टिकमध्ये. खाली एक पण नाही.

आता तुमच्याकडे मागणं. तुमच्या रविवारच्या पुरवणीत 'साभार पोच' म्हणून यादी येते, ज्यांनी छापलेल्या पुस्तकाच्या दोन प्रती पाठवल्या त्यांचं नाव, किंमत, पत्ता. मी ती यादी नेहमी वाचते. त्यात आमच्या पहिल्या पुस्तकाचं नाव पण आलं होतं, ते कात्रण पुरात गेलं. पण त्या यादीत नाव येतं तेव्हा लेखकाचे पैसे घालून झालेले असतात, गठ्ठे घरात येऊन पडलेले असतात. तिथेच खाली छापायला निघालेल्या मुलांच्या पुस्तकांसाठी चार ओळींची जागा देता येईल का? पुस्तक कशाबद्दल, कुठल्या वयासाठी, किती पानं, नोंदणी कधीपर्यंत. वाटलं तर अट घाला की पूर्ण पुस्तकाची फाईल आधी तुम्हाला दाखवायची, म्हणजे उगीच कुणीही पैसे गोळा करायला बसणार नाही. कोकणात, खानदेशात, विदर्भात असे घरी पुस्तक करणारे आहेत, अहिराणीत, मालवणीत मुलांसाठी लिहिणारे आहेत, त्यांचा गोतावळा व्हॉट्सॲपवर दोनशे माणसांत संपतो, आणि नेमकी त्यापुढची शंभर माणसं कमी पडतात.

आमचं तिसरं पुस्तक लिहून होत आलंय. मासळीवाल्या मावशींनी वहीत आधीच नाव घालून ठेवलंय, पैसे न देता, आणि समोर लिहायला लावलंय की मगर पाहिजे.

कळावे,
आपली नेहमीची वाचक,
चिपळूण, जि. रत्नागिरी